पावशेरची पहिली ओळ

मला टोपणनावांची पहिल्यापासून चीड. माणसानं काम करावं आणि खाली ठसठशीत नाव लिहावं, वडिलांच्या नावासकट. लपायचं कशाला, चोरी केलीय का? त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी 'पावशेर' अशा सहीनं पहिली दुरुस्ती आली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लगेच कळवलं, "इथं आम्ही भाजी विकत नाही. खरं नाव सांगा, मगच काम घेईन."

आमचा छापखाना अंधांसाठी पुस्तकं काढतो. साधा मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत बदलणारा प्रोग्रॅम मी सांभाळतो. तो कुणाच्याच मालकीचा नाही. कुणीही तो उघडून पाहावा, दुरुस्ती लिहून मला मेलनं पाठवावी आणि मी तपासून ती आत घ्यावी, अशी रीत. दुरुस्तीच्या पहिल्या ओळीत ती करणाऱ्याचं नाव आणि वेळ असते. एकदा का ती आत गेली, की तासाभरात तिच्या शेकडो प्रती जगभर होतात. मग ते नाव पुसणं कुणाच्या बापाला जमत नाही.

पावशेरचं उत्तर आलं होतं, "माझं नाव शोधणारा एक माणूस आहे. नाव कुठं दिसलं की त्याला पत्ता सापडतो. आजवर दोनदा सापडलाय. दोन्ही वेळा घर सोडावं लागलं, कामही. नाव नको. काम तपासा, चुकलं असेल तर परत पाठवा."

"नाटकं नुसती," मी म्हणालो.

पलीकडच्या टेबलावर तपासनीस ताई बसल्या होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. छापखान्यातलं एकही पान त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.

"भाऊ, तुम्ही नाव तपासायला बसलाय की काम?" त्या म्हणाल्या. "पान काढून द्या आधी."

मी दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "घ्या आत." ताईंपुढे माझं काही चालत नाही.

तेव्हापासून पावशेरच्या दोनशेहून अधिक दुरुस्त्या आल्या. मी चुका काढायचा चंग बांधला होता. चार सापडल्या, त्यांतल्या तीन माझ्याच निघाल्या. पत्रंही कशी, तर 'झालं', 'पाहिलं', 'जमलं नाही'. बाई की बुवा, एवढंसुद्धा नऊ वर्षांत कळू दिलं नाही. इतकी वर्षं क्षणोक्षणी इतकं सावध राहायचं आणि तरी रोज उठून परक्यांसाठी काम करायचं, हे आठवलं की मला माझ्या त्या 'नाटकं' शब्दाची लाज वाटायची.

अपूर्णांक मात्र आम्हा सगळ्यांना पुरून उरले होते. अपूर्णांकाच्या पोटात दुसरा अपूर्णांक आला, की वाचणाऱ्याचं बोट हरवायचं. वरचा आकडा कुठं संपला, खालचा कुठं सुरू झाला, काही पत्ता लागायचा नाही. मी पाच वर्षं त्यावर डोकं आपटत होतो. गणिताचं पुस्तक त्यापायी अडलं होतं आणि शाळा उघडायला महिना राहिला होता.

त्या दिवशी दुपारी एक वाजता पावशेरची दुरुस्ती आली. माझ्या तीनशे ओळी काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी होत्या फक्त सतरा. मी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि खुर्चीला टेकून नुसता बसून राहिलो. इतकं सोपं होतं! पाच वर्षं माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. हेवा वाटायलासुद्धा जागा नव्हती.

पान काढून ताईंना दिलं. यंत्रातून आलेला जाड कागद अजून कोमट होता. त्यांचं बोट पहिल्या गणितावरून गेलं, दुसऱ्यावरून गेलं, तिसऱ्यावर थांबलं, मागं आलं आणि पुन्हा पुढं गेलं.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "शाळेत मी गणित सोडलं ते याच पानावर. मला वाटायचं, माझ्याच डोक्यात शिरत नाही." त्यांनी दोन्ही हात कागदावर पसरून ठेवले. "डोकं ठीक होतं माझं."

नोंद करायला मी पडद्याकडे वळलो, आणि पहिल्या ओळीत पावशेर नव्हतं.

तिथं एक नाव होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पाठवणाऱ्यानं संगणक नवा घेतला असणार आणि त्यानं आपणहून मालकाचं नाव भरलं असणार. ज्या नावासाठी मी भांडलो होतो, ते आज न मागता समोर आलं.

खोटं कशाला सांगू, मोह झाला. शोधायच्या चौकटीत मी त्या नावाची पहिली दोन अक्षरं टाकली.

"काय शोधताय?" ताईंनी विचारलं. त्यांना माझ्या बोटांचा आवाज ओळखू येतो.

मी अक्षरं पुसली. "ताई, पावशेरचं नाव आलंय."

"मला सांगू नका," त्या ताडकन म्हणाल्या. "कुणालाच सांगू नका."

नाव खोडून दुरुस्ती आत घेणं मला सहज जमलं असतं. पण त्याच संगणकावरून पावशेरनं उद्या दुसरीकडे काही पाठवलं, तर? सांगायला तर हवं होतं. आणि मी नाव वाचलंय हे कळलं, तर पावशेर तिसऱ्यांदा नाहीसं होणार.

मग मी दारावर पहारा बसवला. नेहमीच्या सहीपेक्षा वेगळं नाव दिसलं, तर मेल न उघडता परत, असा नियम प्रोग्रॅमच्या दारात घातला, सगळ्यांसाठी. म्हणजे मेल प्रोग्रॅमनंच परत धाडला, मी पाहिलाच नाही, असं पावशेरला वाटावं.

"नऊ वर्षं टोपणनावावर दात खाणारा माणूस एकाएकी असा नियम करतो, कुणाला पटेल?" ताई म्हणाल्या. "तुम्हीही घ्या एक टोपणनाव."

"कोणतं घेऊ?"

"छटाक. पावशेराचा चौथा हिस्सा. पावशेरपुढे तुम्ही तेवढेच."

माझं नाव त्या प्रोग्रॅमच्या पानापानावर होतं. मी मुकाट्यानं नव्या नियमाखाली 'छटाक' लिहिलं आणि पावशेरचा मेल त्या दारातून परत धाडला.

अर्ध्या तासात पत्र आलं.

"पहारा चार वाजता बसला. माझा मेल एकचा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येक बदलावर त्याची वेळ नोंदली जाते, हे मी दुनियेला शिकवतो आणि स्वतःच विसरलो होतो. मी सबबी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या.

"खरं लिहा," ताई म्हणाल्या.

मी लिहिलं, "होय, नाव मी वाचलं. तीन तास समोर होतं. कुणाला सांगितलं नाही, सांगणार नाही. तुमचा मेल मी पुसून टाकलाय. नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता. माफ करा."

उत्तर आलं नाही. त्या सतरा ओळी मला तोंडपाठ होत्या, पण विचारल्याशिवाय त्या आत घ्यायला हात धजेना. एक आठवडा गेला. छापखान्याचे व्यवस्थापक रोज येऊन गणिताच्या पुस्तकाचं विचारत आणि मी काहीतरी पुटपुटत असे. ताई जेवणाच्या सुट्टीतही जागेवरून हलत नव्हत्या. त्या विचारायच्या, "आलं?" आणि मी म्हणायचो, "नाही." शोधणाऱ्याला घाबरून दोनदा घर सोडलेल्या माणसाला मी तिसऱ्यांदा पळवलं, असं मला वाटत होतं.

अकराव्या दिवशी सकाळी एक दुरुस्ती आली. मी ती उघडली नाही, थेट यंत्राकडे पाठवली आणि निघालेलं पान ताईंसमोर ठेवलं. कुणाचं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

ताईंचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं, दुसऱ्या ओळीवरून गेलं. अपूर्णांक तेच होते. खाली दशांशही सुधारून आले होते, न मागता.

"तोच हात," ताई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भाऊ, गेलं नाही ते माणूस. इथंच आहे."

मग मी पडद्याकडे पाहिलं. पहिल्या ओळीत पावशेर होतं. खाली लिहिलं होतं, "छटाक, नीट तपासा. चुकलं असेल तर परत पाठवा."