एकाच पाइपचे नळ

माया शिकवायची त्या सातवीत गणिताच्या तासाला एक नियम होता. गणित वाचलं की पेन लगेच उचलायचं नाही, आधी प्रश्न विचारायचा. "मॅडम, गुणायचं की भागायचं?" हा प्रश्न मात्र चालत नसे. तो विचारला की माया अशी बघायची, की पोरगं मुकाट्याने गणित पुन्हा वाचायचं.

मुख्याध्यापिका सुहासिनी मॅडमना हे सगळं खूळ वाटे. पोरांना एक सूत्र धड पाठ नव्हतं. "आज साहेबांसमोर वर्ग गप्प बसला, तर सोमवारपासून तुझं गणित दुसऱ्या सरांकडे," त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

तपासणीच्या साहेबांनी फळ्यावर लिहिलं: एका नळाने टाकी चार तासांत भरते, दुसऱ्याने सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल?

वर्ग चिडीचूप. एकानेही पेन उचललं नाही. साहेबांनी सुहासिनी मॅडमकडे पाहिलं, त्यांनी मायाकडे. नुसती खूण केली असती तरी पोरं सुटली असती. पण एवढे महिने शिकवलेलं सगळं त्या एका खुणेत वाया गेलं असतं. माया हाताची घडी घालून उभी राहिली.

एमआयडीसीजवळच्या चाळीतली प्रीती उठली. "सर, दोन्ही नळ एकाच पाइपला आहेत काय?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे बाजूवाल्यांनी नळ सोडला की आमचं पाणी एकदम बारीक होतं. मग टाइम जास्त लागेल ना."

साहेबांनी फळ्यावर दोन पाइप काढले. "पाइप वेगळे धर."

"मग बारा तास पकडू," भावेश मागून म्हणाला. "पहिला तीन टाक्या भरेल, दुसरा दोन."

आता पेनं सरसर चालू लागली.

"बारा तासांत पाच टाक्या," प्रीती म्हणाली. "एकीला दोन तास चोवीस मिनिटं."

"सूत्र कुठलं वापरलंस?"

"सूत्र नाय सर. टाक्या मोजल्या."

मायाचा ऊर अभिमानाने भरून आला. ही तिची पोरं होती, आणि आज तिने त्यांना काडीचीही मदत केली नव्हती.

साहेब गेल्यावर सुहासिनी मॅडम दारात घुटमळल्या. "गणित तुझ्याकडेच ठेव," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पण एकाच पाइपला असले तर किती वेळ लागेल गं?"

मायाने वर्गाचं दार सताड उघडलं.

"या मॅडम, प्रीतीशेजारी जागा आहे. पेन मात्र लगेच उचलू नका."