हाजच्या गिरणीतली तुळई

आमच्या स्फाक्स शहरात फुकटची वाहवा कुणाला मिळत नाही. मीही देत नाही. कारखान्याची विक्री सांभाळणाऱ्याला ते परवडतही नाही. तरी दोरसाफची करतोय, तेव्हा समजून घ्या.

ती आमच्याकडे ऑलिव्हच्या घाण्यांची डिझाइनं करते. तिच्या आधीचा लमजद सगळे भाग माऊसनं ओढून डोळ्याच्या अंदाजानं बसवायचा. स्क्रीनवर चित्र असं देखणं की गिऱ्हाईक जागीच विरघळावं. पण टाकी जराशी सरकवली की मोटर मागे हवेत लटकलेली आणि पाइप भलतीकडेच. दोरसाफ प्रत्येक भागाचं आधी नातं ठरवते: हा दांडा या भोकाच्या मध्यातच राहील, हे झाकण या बिजागरीभोवतीच फिरेल. त्यामुळे बरेच दिवस स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि आमचे मालक, सी मोंजी (सी म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'), तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत म्हणतात, "पगार दिसतोय, यंत्र दिसत नाही."

त्या दिवशी झर्झिसहून तेलाच्या गिरणीचे मालक हाज बलगासेम आले होते, हज करून आलेले म्हणून सगळ्यांचेच हाज. हंगाम तोंडावर, जुना घाणा मोडीत, आणि गिरणी आजोबांच्या काळची, छत बुटकं. बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या गिरणीत बसत असेल तर घेतो. नाहीतर उद्या इटलीवाल्यांचा माणूस येतोय."

ते गेले असते तर आमचा हिवाळा माशा मारण्यात गेला असता.

दोरसाफनं स्क्रीनवर नुसतं यंत्र नाही, हाजची अख्खी गिरणी उभी केली होती. भिंती, दार, वरची लाकडी तुळईसुद्धा. सी मोंजी माझ्या कानाशी लागले, "तुळई कशाला दाखवते ही? झाक म्हणावं." मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"हाज, आता लगद्याच्या टाकीचं झाकण उघडते," ती म्हणाली आणि माऊसनं झाकण वर ओढलं. ते अर्ध्यात आलं, तुळईला टेकलं आणि थांबलं. दोन्ही भाग लालभडक झाले.

"म्हणजे बसत नाही," हाज म्हणाले.

सी मोंजींनी डोळे मिटून घेतले.

"इथे नाही बसत. म्हणून तर दाखवलं. आता बघा." तिनं टाकी धरून मागच्या भिंतीकडे सरकवली. मोटर, पाय, झाकण सगळं वऱ्हाडासारखं मागोमाग गेलं. पाइप दोन्ही टोकांना बांधलेला, तो आपसूक लांबला. झाकण पुन्हा ओढलं, तर तुळईपासून चांगली वीत राखून वर गेलं.

हाज खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "पण पोरी, भिंतीकडून माझा अम्मार जातो, यंत्र धुवायला."

दोरसाफनं तिथं एक माणूस उभा केला आणि त्याला टाकी आणि भिंतीमधल्या बोळातून चालवत नेलं. त्याचा खांदा मोटरला अडला.

"अम्मार याच्याहून जाड आहे," हाज म्हणाले.

"किती?"

"लग्नानंतर तर विचारूच नकोस."

तिनं त्या माणसाला पोट दिलं आणि मोटर टाकीच्या दुसऱ्या अंगाला फिरवली. मोटरबरोबर तिचा पट्टाही गेला, जाळीही गेली. अम्मार पोटासकट पार झाला.

"दे इकडे." हाजनी माऊस घेतला. झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग मोटर धरून जोरात ओढली. जागची हलली नाही.

"ही सुटत का नाही?"

"टाकी सोडायची तिला परवानगीच नाही, हाज."

हाज चक्क हसले. सौद्याला बसलेला झर्झिसचा माणूस हसताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"मोंजी, हाच कर. पण हिला विचारल्याशिवाय एक नटसुद्धा हलवायचा नाही."

"हाज, कारखाना माझा आहे."

"असू दे की. घाणा माझा आहे."

सी मोंजींनी मला करार काढायला सांगितलं. दोरसाफचं तिकडे लक्षच नव्हतं. ती टाकी गिरणीबाहेर काढून दारातून आत नेऊन बघत होती, आडवी, मग तिरकी, आणि हाज शेजारी बसून सांगत होते, "डावीकडून घे, पोरी, उंबरठा उंच आहे."