हजेरीचं हिरवं बटण

किटलीचा खटका खट् करून वर उडाला आणि घरातली शांतता मोडली. तान्हा फिन नुकताच झोपला होता. मी स्वयंपाकघरात श्वास धरून उभी राहिले. आतून काहीच आलं नाही, तेव्हा कुठे चहा ओतला.

एडी जेवणाच्या टेबलाखाली होती. चार वर्षांची माझी लेक दुपारी झोपत नाही, कारण झोपलं की काहीतरी चुकतं असं तिचं ठाम मत आहे. तिथे ती प्लास्टिकच्या मेंढ्यांना रांगेत उभं करून हळू आवाजात रागावत होती. तिच्या डोक्यावर, म्हणजे टेबलावर, मी लॅपटॉप उघडला. मार्चचा शेवटचा दिवस होता आणि मला एक पॉइंट कमी होता.

आमच्याकडे वकिलांचं वर्ष मार्चअखेर संपतं. वर्षभरात ठरलेले दहा पॉइंट जमवायचे, म्हणजे तितके तास काहीतरी नवं शिकायचं, आणि मग सही करून सांगायचं की शिकलो. तरच सनद नीट पुढे चालते. आता एप्रिल ते फेब्रुवारी या काळात सिडनीपासून लांबच्या आमच्या नॅराब्राय गावात कुणालाही ज्ञानाची भूक लागत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मात्र सगळा जिल्हा एकदम अभ्यासाला लागतो, आणि तेव्हा जो विषय शिल्लक असेल तो शिकतो. यंदा शिल्लक होता संगणक आणि इंटरनेटचा कायदा. त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर कुंपणाचे आणि पाण्याचे खटले चालवले, ते सगळे त्या दुपारी ऑनलाइन वर्गाला हजर होते. निदान त्यांची नावं तरी.

मला बाळंतपणाची सवलत मागता आली असती. मागितली नाही. सवलत घेऊन परतलेल्या बाईशी लोक जरा हळू आवाजात बोलतात, तसं मला नको होतं. शिवाय मला नोकरी देऊ पाहणाऱ्या वकील ग्रेअम टॅनहिलनी स्पष्टच सांगितलं होतं. गावातलं त्यांचं ऑफिस, आठवड्यातले तीन दिवस, खिडकीजवळचं टेबल. पण पॉइंट पुरे असलेलाच माणूस घेणार, कारण मागच्या वर्षी एकाचे कमी पडले तेव्हा वकिलांच्या संस्थेला खुलासे लिहून लिहून त्यांचा जीव गेला होता. त्या टेबलासाठी मी किती आसुसले होते हे मोठ्या माणसांशी दिवसभर न बोललेल्या बाईलाच कळेल. माझा नवरा कॅलम कापूस वेचायची यंत्रं दुरुस्त करतो. हंगामात तो घरी येतो तो फक्त झोपायला.

सिडनीहून बोलणाऱ्या बॅरिस्टर बाईंचं नाव थिओडोरा कोस्टॉस. केस छान कापलेले, मागे पुस्तकांची भिंत, आणि कुठेही दुधाचा डाग नाही. त्या सांगत होत्या की पडद्यावरचं बटण दाबणं म्हणजे सही करणंच, आणि खरी भांडणं सुरू होतात ती बटण नक्की कुणी दाबलं यावरून. मला गंमत वाटत होती. खूप दिवसांनी मेंदूचा तो भाग हलत होता, ज्याला लंगोटांशी काही देणंघेणं नाही.

आता या वर्गांची एक रीत आहे. सगळे वर्ग लावून ठेवतात आणि आपापल्या कामाला जातात. ते संस्थेला कळलं, म्हणून मध्येच कधीतरी पडद्यावर हिरवं बटण येतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘मी हजर आहे आणि ऐकत आहे.’ मिनिटभरात दाबलं नाही तर तुम्ही बाहेर, आणि पॉइंटही गेला.

फिन उठला तो अशा आवाजात की मेंढ्यांची रांगच कोसळली. मी धावले. एडीला जाता जाता म्हटलं, की हिरवं काही आलं तर मला हाक मार. फिनचं प्रकरण पाठीपर्यंत गेलेलं होतं. कपडे काढले, धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. एकदा कानोसा घेतला, हाक नव्हती. खांद्यावर बाळ आणि एका बाहीवर ते, अशी मी परत आले, तर एडी माझ्या खुर्चीवर गुडघ्यांवर उभी होती आणि पडद्यावर लिहिलं होतं, ‘धन्यवाद, रोवीना.’

मी विचारलं, हाक का नाही मारलीस. तिने फार शहाण्यासारखं सांगितलं, की तू कामात होतीस, म्हणून मीच केलं.

तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तिच्या केसांवर ओठ टेकवले. रागवायचं कशावर? मग खुर्चीत बसले आणि लक्षात आलं. वर्ग संपला की मला सही करायची होती, की पूर्ण वेळ मी जातीने हजर होते. सही खोटी, आणि करणारी वकील. आणि नाही केली, तर टेबल गेलं.

मग मी ते केलं जे आमच्या धंद्यातली माणसं अडचणीत सापडली की करतात. स्वतःची अडचण दुसऱ्याची म्हणून विचारली. प्रश्नांच्या चौकटीत लिहिलं, की एका पक्षकाराच्या चार वर्षांच्या मुलीने आईच्या नावाचं हजेरीचं बटण दाबलं तर ती हजेरी आईची धरावी का? पाठवल्यावर दिसलं, की प्रश्नाशेजारी माझं पूर्ण नाव झळकतंय.

फोन वाजला. ग्रेअम. आवाजामागे पाणी वाहत होतं.

“रोवीना, तो प्रश्न मागे घे.”

मला आधी कळेचना. पडद्यावर तर त्यांच्या नावाची चौकट होती, कॅमेरा बंद, पण हजेरी लागलेली. मी विचारलं, तुम्ही वर्गात आहात ना?

“मी नदीवर आहे. वर्गात नोरीन आहे, तिनेच कळवलं.” आणि वर म्हणाले, “दर वर्षी नोरीनच असते.”

नोरीन म्हणजे त्यांच्या ऑफिसच्या पुढच्या टेबलावरची बाई. मला एकदम सगळं चित्र दिसलं. माझ्या मुलीचा अंगठा बाद झाला, तर नोरीनचंही बोट बाद होणार, आणि बहुधा अर्ध्या जिल्ह्यातल्या नोरीनांची बोटं. ग्रेअम समजुतीच्या सुरात सांगू लागले, की प्रश्न मागे घे, सही कर, कुणी चार वर्षांच्या पोरीला कोर्टात बोलावत नाही.

“तुला ते टेबल हवंय ना?”

“हवंय,” मी म्हटलं. “फार हवंय.”

“मग झालं तर.”

माझं बोट खरोखर त्या प्रश्नावर गेलं होतं, पुसून टाकायला. पण तेवढ्यात पडद्यावरच्या बाईंनी तो मोठ्याने वाचला. वाचून त्यांचे डोळे चमकले. वर्गात कुणीतरी जिवंत आहे हे त्यांना बहुधा त्या दुपारी पहिल्यांदाच कळलं असावं. पक्षकाराबद्दल थोडं अधिक सांगाल का, म्हणत त्यांनी माझा आवाज सुरू केला. ग्रेअम फोनवर होतेच. मी फोन टेबलावर उलटा ठेवला.

मी सुरुवात केली की माझ्या पक्षकाराची परिस्थिती अशी, की… तेवढ्यात माझ्या काखेखालून एक डोकं वर आलं.

“ते मी दाबलं,” एडी म्हणाली. “आई फिनची शी धूत होती.”

कुठल्या तरी चौकटीतून हसू फुटलं आणि दाबलं गेलं. माझे कान तापले. सिडनीच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुढे झुकल्या, आणि साक्षीदाराला विचारावं तसं, अगदी अदबीने, त्यांनी एडीला विचारलं, की बटणावर काय लिहिलं होतं ते तू वाचलंस का.

“मला वाचता येत नाही.”

“मग दाबलंस का?”

“हिरवं होतं.” एडीने क्षणभर विचार केला. “आणि नाही दाबलं तर ते जात नाही.”

बाई खुर्चीत मागे टेकल्या. त्या म्हणाल्या, गेला तासभर त्या जे समजावत होत्या ते या साक्षीदाराने दोन वाक्यांत सांगितलं. मोठी माणसंही फोनवर ‘मला मान्य आहे’ दाबतात ती याच दोन कारणांनी. मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, पॉइंट द्यायचा की नाही हे माझ्या हातात नाही, पण सही तुमची आहे आणि तुम्हाला उत्तर माहीत असावं.

माहीत होतं. मी म्हटलं, हजेरी माझी नव्हती. सही करणार नाही. हे बोलताना माझा आवाज जरा चिरकला आणि त्याच वेळी फिनने माझ्या कानात बोट घातलं, त्यामुळे प्रसंगाला हवा तो गंभीरपणा काही आला नाही.

बाईंनी सगळ्यांना विचारलं, की आपलं बटण ज्याने स्वतः दाबलं त्याने कॅमेरा लावावा. दोन चौकटी उघडल्या. एकीत पिलीगा गावाच्या बाजूची एक तरुण वकीलबाई होती. दुसरीत एक म्हातारे गृहस्थ होते, ते कॅमेरा लावताच पुन्हा झोपले, पण निदान स्वतः झोपले. मग तिसरी चौकट उघडली. खाली नाव ग्रेअम टॅनहिल, आणि वर निळ्या लोकरी जाकिटातली नोरीन, हातात अर्धं बिस्किट.

“मी स्वतः दाबलं,” नोरीन म्हणाली. “पण मी तो नाही.”

या वेळी सिडनीच्या बाईही हसल्या. नोरीनने शांतपणे सांगितलं, की ती ही सगळी व्याख्यानं गेली कित्येक वर्षं ऐकते आहे, आणि मागचं करांवरचं याहून कंटाळवाणं होतं. माझ्या टेबलावरचा उलटा फोन एवढं ऐकून बंद झाला.

मी हिशेब केला, की गेलं. तीन दिवस, खिडकी, स्वतःचा मग, कुणीतरी ‘रोवीना, हे बघ जरा’ म्हणणं, सगळं. एडी विचारत होती की ती बाई बिस्किट कुठलं खात होती.

पण कोस्टॉसबाईंना घरी जायची घाई नव्हती. त्या म्हणाल्या, मी सगळं पुन्हा पहिल्यापासून घेते, आत्ताच. कॅमेरे लावून जो बसेल त्याच्या हजेरीबद्दल मी स्वतः लिहून देईन. ज्याला नको त्याने जावं. काही चौकटी गेल्या. पण बऱ्याच उघडल्या, एकेक करून, आणि जिल्ह्यातली वकीलमंडळी दिसू लागली. एक ट्रॅक्टरच्या आडोशाला, एक केस कापून घेताना, एक मुलाच्या पोहण्याच्या तलावाशी. थोड्या वेळाने ग्रेअमही आले. नोरीनच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, डोक्यावर टोपी, नाकावर ऊन लागलेलं, दाताच्या डॉक्टरकडे आलेल्या माणसासारखे. नोरीनने त्यांच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं.

मग मला त्यांचा खाजगी निरोप आला. दोन बोटांनी टाइप करतात, त्यामुळे वेळ लागला. ‘मंगळवारी साडेआठला येऊ नकोस. नऊला ये. आधी पोरीला शाळेत सोड.’ आणि त्याखाली, ‘मासा मोठा होता.’

मी तो निरोप दोनदा वाचला. डोळ्यांत आलेलं पाणी कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून फिनला पाजायला घेतलं आणि मान खाली घातली. मग वर पाहिलं आणि खरोखर ऐकायला लागले. पासवर्ड दुसऱ्याला दिला तर जबाबदारी कुणाची, पक्षकाराच्या नावाने आलेला खोटा ईमेल ओळखायचा कसा. हे मला हवं होतं, मंगळवारपासून लागणार होतं. मी एका हाताने लिहून घेत होते.

एडी टेबलाखाली परत गेली होती आणि मला मेंढ्यांची गोष्ट सांगत होती. एक मेंढी होती, तिला लोकर नको होती, तिला पंख हवे होते. मी हं म्हटलं. मग ती तारेवरच्या पोपटांकडे गेली. हं. मग पोपट म्हणाले, आमच्यात येऊन बस, पण तार मोडली. हं, राणी. आणि मग काय झालं सांगू? हं. ती थांबलेली मला कळलं नाही. हिरवं बटण आलं. ते मी दाबलं, स्वतः, वाचून.

माझ्या गुडघ्यावर हनुवटी आली. एडीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आई, मी बोलत असते तेव्हा ते बटण का नाही येत?”