भक्कम बैठक

"बाबा, या प्रदर्शनाची बैठक फार भक्कम आहे," असं लेकीनं फोनवर सांगितलं आणि सुताराची छाती फुगली. फुगणारच! बैठक त्यानंच तर केली होती. कलादालनानं मागवलेली, गुडघ्याहून जरा उंच, वर मूर्ती ठेवायला. पंधरा दिवस खपला होता तिच्यावर. सांधे असे बसवले होते की एक खिळा लागला नाही. कलेचं तत्त्वज्ञान शिकलेल्या या पोरीनं बापाच्या कामाकडे जन्मात वळून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं म्हणायचं.

उद्घाटनाला तो इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच हजर झाला. बघतो तर काय, बैठकीवर मूर्तीच नाही! शिल्पकार मोठा माणूस. त्यानं काही पाठवलंच नव्हतं. विसरला म्हणावं, तर तसंही नाही. भिंतीवर पाटी होती: 'अनुपस्थिती'. चांगली शिकलेली-सवरलेली माणसं हात मागे बांधून त्या हवेभोवती फिरत होती, माना डोलवत होती. एक बाई तर चक्क डोळे पुसत होत्या.

"कामचुकारपणा, दुसरं काय," सुतार पुटपुटला. "मी असा हात हलवत आलो असतो तर दारातूनच हाकलला असता."

मग लेक बोलायला उभी राहिली. "या कलाकृतीची बैठक..."

सुतारानं कॉलर सारखी केली.

"...म्हणजे तिची वैचारिक बैठक," ती म्हणाली, आणि पुढे अर्धा तास नसलेल्या मूर्तीचं कौतुक करत राहिली. शेवटी कुणीतरी विचारलं, "आणि खालचं ते लाकडी?"

"ते? ते काही नाही. नुसता ठोकळा आहे."

लोक हसले. सुतार दोन पावलं मागे सरकला. ठोकळा! मग फोनवर भक्कम म्हणाली ती बैठक म्हणजे ही बडबड होय! आणि हा वेडा चार दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटला होता.

दुपारी दालन रिकामं झालं. उंच टाचांनी लेकीचे पाय भरून आले होते. इकडेतिकडे बघून ती हळूच त्या ठोकळ्यावर बसली. तो जरासुद्धा कुरकुरला नाही. बूट काढायला वाकली तेव्हा तिचा हात कडेवरून फिरला. थांबला. परत फिरला.

"बाबा, हे जोडलंय कशानं? खिळे कुठायत?"

"अनुपस्थित आहेत," सुतार म्हणाला. "लिही आता त्यावर दोन पानं."