मुठीजवळची बोटभर धार

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे, न गंजणाऱ्या पोलादाचा, आणि मी भितो. पाण्याला नाही. पाणी माझं काही बिघडवत नाही. मी माझ्याच धारेला भितो.

भट्टीत तापलो, पाण्यात निवलो आणि फिरत फिरत दूर दक्षिणेकडच्या गार समुद्रातल्या चिलोए बेटावरच्या नोल्बेर्तोच्या खिशात आलो. नोल्बेर्तो पाणबुड्या. समुद्राच्या तळाशी उतरून तो कालवं काढतो. त्याची बायको एदेलमिरा होडीत बसून हवेचं यंत्र सांभाळते. वर होडी, खाली काळोख, मधे एक पिवळी नळी. त्या नळीतून नोल्बेर्तोचा श्वास खाली उतरतो. तळाशी जुन्या जाळ्यांचे दोर पसरलेले असतात. पाय अडकलाच, तर सोडवायला मी.

सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. धक्क्यावरचे बाकीचे चाकू खाऱ्या हवेनं तांबूस व्हायचे, मी मात्र लखलखायचो. त्या लखलखाटात माझ्या धारेकडे कुणी पाहिलंच नाही.

बोथट झालो की नोल्बेर्तो बापानं शिकवलं तसं करायचा. दगडावर जोर देऊन घासायचं, बुटाच्या चामड्यावर दोनदा ओढायचं, मनगटावरचे केस भादरून बघायचं. बापाचा चाकू जुन्या पोलादाचा होता. घासताना धारेवर केसासारखी एक पातळ कडा वळून येते, ती त्याच्या चाकूवरून चामड्यानं सहज निघायची. माझं पोलाद चिवट. माझ्यावर ती तशीच चिकटून राहते. केस भादरते, पण दोराला लागली की दुमडते. हे मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

त्या सकाळी एदेलमिरा चुलीपाशी बटाटे सोलत होती.

"तुझा चाकू घसरतोय."

"मग बटाट्याला धार लाव," नोल्बेर्तो म्हणाला.

"हसू नको. नख फिरवून बघ, कडा वळलीय एका अंगाला."

"माझं मनगट बघ. एक केस उरलाय का?"

"खाली काय हजामती करायला जातोस?"

तिनं दगड भिजवला. मुठीपासून सुरुवात केली. एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, दर खेपेला हात आणखी हलका, निजत्या बाळाला थोपटावं तसा. मग मऊ लाकडाच्या ढलपीवरून मला ओढलं. ती खोटी कडा निघून गेली. जेमतेम बोटभर धार झाली असेल, तोच नोल्बेर्तोनं मला तिच्या हातातून ओढून घेतलं.

"पुरे आता. पाणी चढायला लागलंय."

आमच्या बेटावर चाकू हातातून हातात घेत नाहीत, अपशकुन मानतात. एकानं फळीवर ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. माझं पातं गार पडलं.

तळाशी दोरानं त्याचा घोटा धरला. प्रवाह त्याला पुढे ओढत होता, दोर मागे. त्यानं मला उघडलं, दोराला लावलं, ओढलं. मी दुमडलो. पुन्हा ओढलं. मी घसरलो आणि पिवळ्या नळीला जाऊन टेकलो. मित्रांनो, तेव्हा मी मनात ओरडत होतो, की आता तरी बोथट राहू दे मला. नळी वाचली. पण ताणलेली नळी त्याला पुरतं वाकू देत नव्हती, दोरापर्यंत माझं टोकच पोचत होतं.

वर एदेलमिराला हिसके कळले. ओढावंसं तिला किती वाटलं असेल. ओढलं असतं तर गाठ आवळली असती. तिनं नळी सैल सोडली.

तो वाकला. दोर माझ्या पात्यावरून सरकत मुठीपाशी आला, त्या बोटभर जागेत. एकाच ओढीत तुटला.

होडीत तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. ओठ निळे पडले होते.

"झाली हजामत?" एदेलमिरानं विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

त्यानं मला फळीवर ठेवलं आणि हात मागे घेतला. मग तिनं मला उचललं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी चकचकीत असेल. तो गंजत नाही म्हणून त्याला विसरू नका. त्याच्यावर जोर करू नका, हलक्या हातानं दोन्ही अंगांनी विचारपूस करा.

आता रोज सकाळी एदेलमिरा लोकरीचा एक धागा लोंबता धरते आणि मुठीपासून टोकापर्यंत जागोजागी मला त्याला लावून बघते. एका जरी ठिकाणी धागा न कापता अडला, तर नोल्बेर्तो होडीत चढत नाही. टोकाशी पोचेपर्यंत मी अजून थरथरतो.