विटकरी डबे

रोह्याच्या काळुशेटना मालगाडी हवी होती, पण ती मालगाडीसारखी दिसायला नको होती. एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मंडळाचे अध्यक्ष ते. म्हणाले, "हुबेहूब पायजे. कोकण रेल्वे पुरी होत आलीय, यंदा गणपतीपुढं रोहा स्टेशन उभं करायचं. रूळ नि मोटर आमचा वायरमन बघंल, डबे तुम्ही करा." आणि हमरापूरच्या पोपटकाकांनी ते काम पुतणीच्या, चंद्रावतीच्या गळ्यात घातलं.

काकांच्या मूर्तींच्या कारखान्यात चंद्रावती लहानाची मोठी झाली होती. दागिने, पीतांबर, उंदीर, सगळं ती रंगवायची. डोळे मात्र नाही. डोळ्यांची आखणी काकाच करत. मूर्तीत जीव येतो तो तिथं, आणि ते काम बाईच्या हाती द्यायची रीत नव्हती. रीत घातली कोणी, असं विचारलं की काका तंबाखू मळायला घेत. या खेपेला मात्र तेच आपणहून म्हणाले, "रोह्याचे डबे नीट उतरव गो. पुढल्या मोसमाला आखणीला बसवतो तुला."

मग काय, पोरीनं जिवाचं रान केलं. रोह्याला जाऊन फलाटाच्या टोकाला दिवस दिवस बसली. शेटची मागाहून फर्माईश आली होती की एक टाकी, एक कोळशाचा उघडा, एक बंद, प्रत्येक डबा निराळा नि निराळ्या रंगाचा. रुळांवर तसली वरात काही तिला दिसेना. खरी मालगाडी म्हणजे एकाच जातीचे डबे, एकामागं एक, बघणारा कंटाळेपर्यंत, आणि शेवटी गार्डाचा डबा. तिनं खताच्या पोत्यांचे बंद डबे निवडले. सगळे विटकरी. पण नीट बघितल्यावर त्यातही दोन सारखे निघेनात. एकाचं दार चेपलेलं, दुसऱ्याच्या फटीतून पांढरं खत ओघळून वाळलेलं, तिसऱ्यावर कोणी खडूनं आकडे खरडलेले. ते सगळं तिनं पुठ्ठ्याच्या डब्यांवर उतरवलं. गंजासाठी गेरू घेतला आणि काजळी घरच्या चुलीतली.

काळुशेट बघायला आले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"भंगारवाल्याकडनं उचलले काय? बाप्पापुढं गंज ठेवायचा?"

"शेट, तुम्हीच हुबेहूब म्हणालात," चंद्रावती म्हणाली.

"हुबेहूब म्हंजे चांगलं दिसणारं हुबेहूब."

"एका गाडीला इतके रंग कधी बघितलेत तुम्ही?"

"लोक बघाया येतील, बसाया नाय." शेट काकांकडे वळले. काका लगेच म्हणाले, "बदलून देऊ, शेट."

"मी नाय बदलणार," चंद्रावती म्हणाली, आणि हातातला ब्रश रंगाच्या डब्यात टाकून उभी राहिली. काका त्यावर काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी ती कारखान्यात आली तेव्हा डबे गोणपाटात बांधून टेम्पोत चढलेही होते. काका गप्प राहिले म्हणजे आपल्या बाजूनं राहिले, असं ती धरून चालली. भोळी, दुसरं काय.

गणपतीत काका तिला घेऊन रोह्याला गेले. मंडपात ही गर्दी. मोटर घरघरली, बोगद्यातून गाडी बाहेर आली, आणि चंद्रावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिला डबा गुलाबी, दुसरा पोपटी, तिसरा सोनेरी. सगळ्यांना मोत्यासारखी झिलई. खत नाही, खडू नाही, चेपलेलं दार चोपून सरळ केलेलं. काळुशेटना चार गोष्टी सुनवायला ती पुढं घुसली. तेवढ्यात गाडी तिच्यासमोरून पुन्हा गेली, आणि तिला रंगाचा हात दिसला. मधे उजळ, कडेला गडद, हलक्या हातानं मिसळत नेलेला. गणपतीचं पोट गोल दिसावं म्हणून असा रंग देतात. डब्याच्या सपाट बाजूला कोणी शहाणा तो देणार नाही. तो हात अख्ख्या हमरापुरात एकाचाच होता, आणि तो माणूस तिच्या शेजारी टोपी सारखी करत उभा होता.

शेटवरचा राग सोपा होता. परका माणूस, त्याला काय कळतंय म्हणून सोडून देता येतं. हा राग तिला कुठं ठेवावा तेच कळेना.

तेवढ्यात माइकवर तिचं नाव पुकारलं. देखाव्याच्या कलाकार, हमरापूरच्या चंद्रावतीताई, यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. काका तिच्या कानाशी पुटपुटले, "जा गो. घे गप. आखणी तुझीच हाय आता."

ती गेली. शेटनी शाल उलगडली, तर तिनं हात आडवा धरला आणि माइकवर म्हणाली, "हे डबे मी रंगवलेले नाहीत. माझ्या काकांनी रंगवलेत. शाल त्यांना द्या."

मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा," शेट गहिवरून म्हणाले, "आजकालच्या पोरी गुरूला असा मान देतात का?" ती खरं बोलली, तर लोकांनी ते चांगल्या संस्कारांच्या खात्यात जमा करून टाकलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ऐकणार कोण? पोपटकाका वर गेले आणि खाली मान घालून शाल पांघरून घेतली. टाळ्या कशाला पडल्या आणि ती खरं काय बोलली होती, हे त्या मंडपात दोघांनाच माहीत होतं.

परतीच्या एसटीत नागोठणं मागं पडलं. शेवटी काकाच म्हणाले, "गिऱ्हाईक मोडून कसं चालंल? पण मी दिलेला शब्द पाळीन. आखणीला बस तू."

"काका, मी डोळे काढले नि गिऱ्हाइकाला नाय आवडले, तर तेबी माझ्यामागं पुसाल?"

काकांनी तंबाखूची पुडी काढली आणि तशीच परत खिशात घातली. खोटं बोलायची त्यांना एरवी सवय नव्हती.

"व्हय," ते म्हणाले. "पुसीन."

"मग ऱ्हाऊ द्या तुमची आखणी तुमच्याकडंच," चंद्रावती म्हणाली. हमरापूरला जायला पेणला उतरल्यावर तिनं त्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि आपली आपण घेऊन पुढं चालू लागली.