बारा पदरी कट्यार

माझ्या नवऱ्याला नीट दिसत नाही, हे अख्ख्या कुंभार पिंपळगावात फक्त मला ठाऊक होतं. तेही त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. कडूबा लोहारानं आपणहून काही कबूल केलं असतं, तर त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला असता.

ही निजामाच्या मोगलाईतली गोष्ट. दोन वर्षांपासून मालकांच्या डोळ्यांवर पडदा धरत होता. लोहाराचं सगळं काम रंगावर चालतं. लोखंड लाल आहे की पिवळं, हे बघून घण कधी टाकायचा ते ठरतं. घण मारायला मी असायची. त्यांना रंग दिसेनासा झाला तशी आमच्यात न बोलता एक रीत पडली. लोखंड तयार झालं की मी घण खांद्यावर घ्यायची, माझ्या बांगड्या वाजायच्या आणि ते सांडशीनं लोखंड ऐरणीवर ओढायचे. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाला कळलं असतं तर घनसावंगीचा लोहार दुसऱ्या दिवशी आपला भाता घेऊन आला असता आणि आम्हाला गाव सोडावं लागलं असतं.

वैशाखात मल्हारी धनगराच्या रायभानाचं लग्न निघालं. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात कट्यार लागते, टोकाला लिंबू खोचलेली. लोक घरातली कुठलीही गंजकी सुरी उचलतात. मल्हारीला मात्र माझ्या सासऱ्यांच्या हातची असायची तशी हवी होती, लोखंड आणि पोलाद एकावर एक घडी घालून केलेली, बारा पदरी. हळदीच्या दिवशीच सकाळी तो आला. सोबत त्याचा मेव्हणा धर्मराज होता.

"कडूबा, म्या हितंच बसतो," मल्हारी म्हणाला. "आन एक हाये. आमच्या भावकीत नवरदेवाच्या कट्यारीवर बाईचा घण चालत न्हाई. म्हणून ह्याला आणलाय."

काम नाकारायला एवढं निमित्त पुरे होतं. मी मालकांकडे पाहत राहिले. ते शांतपणे म्हणाले, "बराबर हाये. रिवाज तो रिवाज."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिवाज म्हणे! रंग काय तुमचा रिवाज सांगणार आहे? पण चारचौघांत बोलायची सोय नव्हती. मी भट्टीच्या छपरातून उठून घराच्या दारात जाऊन बसले. तिथून भट्टी दिसत होती, एवढंच नशीब.

गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचे दोन तुकडे आणि मधे पोलादी कानस, असा जुडगा मालकांनी बांधला. वर सांधा धरायला टाकणखार टाकला आणि भट्टीत सारला. मल्हारीनं भाता धरला. हे तीन तुकडे एकजीव व्हायचे तर एकच क्षण असतो. लोखंड पांढरट पिवळं होऊन पहिली ठिणगी उडाली की काढायचं. आधी काढलं तर पदर सुटतात, उशीर झाला तर पोलाद जळून त्याचा भुगा होतो. कट्यार बिघडली असती तर मल्हारीनं कारण शोधलंच असतं.

मला बसवेना. उठले, पुन्हा बसले. ठिणगी दिसली तशी अंगणात नसलेल्या कोंबड्यांना हात हलवून हलवून हाकललं. बांगड्या वाजल्या. मालकांनी सांडशी ओढली. धर्मराजाचा घण पडला आणि तुकडे जुळले. मालकांनी ते लांबवले, छिन्नीनं मधे खाच पाडून दुमडले. सहा पदर. पुन्हा भट्टी. यावेळी मी सूप घेऊन रिकामंच पाखडत बसले आणि वेळ आली तशी जोरात पाखडलं. तेही निभावलं.

"वैनी, सुपात तं काईच न्हाई," मल्हारी म्हणाला.

"मंग काय सुपानं तुमची परवानगी घ्यायची?" मी म्हणाले. तो हसला, पण त्यानंतर माझ्याकडे बघत राहिला.

पुन्हा घडी पडली. बारा पदर. शेवटची आच. आणि नेमकी त्याच वेळी मल्हारीच्या घराकडून हळदीची हलगी सुरू झाली. अशी कडाडली की मला माझ्याच बांगड्या ऐकू येईनात. मी हात हलवला, सूप आपटलं, दाराची कडी वाजवली. मालक सांडशी धरून तसेच बसलेले, मान जराशी माझ्या दिशेला वळवलेली. त्यांचा कान मला शोधत होता. पहिली ठिणगी उडाली. दुसरी उडाली. ओरडावं तर त्यांची अब्रू जाते, गप्प बसावं तर कट्यार जाते.

"आवो, काढा! जळून राह्यलंय!"

त्यांनी काढलं. घण पडले. पदर धरले. हलगी वाजतच होती.

"रंग तुमी का सांगून राह्यल्या, वैनी?" मल्हारीनं भाता सोडला.

"धूर झाल्ता," मी म्हणाले. "त्यांच्या डोळ्यात..."

"धूर न्हाई," मालक म्हणाले. "मला दिसत न्हाई, मल्हारी. दोन साल झाले. रंग ही बघती."

मी खाली पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. मल्हारीनं बराच वेळ दाढी खाजवली. संध्याकाळी हळद, कट्यार अर्धवट, दुसरा लोहार चार कोसांवर.

"बाईचा घण चालत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "बाईच्या डोळ्याचं आमच्या बापजाद्यांनी काई सांगितलेलं न्हाई. वैनी, आत या."

मी भट्टीशी जाऊन बसले. कट्यारीला आकार आला. पाणी द्यायची वेळ झाली तेव्हा मालकांनी पहिल्यांदा तोंडानं विचारलं, "रंग?"

"पिकल्या बोराचा. थांबा. हां, आता."

पातं पाण्यात शिरलं. नंतर धार लावून झाली तेव्हा मल्हारीनं लोकरीचा झुपका हवेत धरला आणि त्यावरून कट्यार ओढली. झुपक्याचे दोन तुकडे झाले. त्यानं कट्यार कपाळाला लावली.

"गावात काय सांगू, कडूबा?"

"सांग, कडूबाला दिसत न्हाई. आन कट्यार कशी झाली, ते बी सांग."

मल्हारी आणि धर्मराज गेले. मी भट्टीवर राख ओढायला लागले. मालक आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून वाट पाहत होते.

"रागावला का?" मीच विचारलं.

"रागावलो," ते म्हणाले. सांडशी जागेवर ठेवून म्हणाले, "तुझं तोंड बी दिसत न्हाई मला. दिवाळीपासून."

सहा महिने! मला वाटत होतं, नुसता रंगच दिसत नाही. सहा महिने मी मनातल्या मनात चरफडत होते की हा माणूस आता माझ्याकडे मान वर करून बघतसुद्धा नाही. त्या रागापायी कितीदा त्यांची भाकर आदळून वाढली होती. भांडायला तोंड उघडलं आणि रडूच कोसळलं. राखेचा हात पदराला पुसला, त्यांचा हात धरला आणि माझ्या गालावर नेऊन ठेवला.

"बघा मंग," मी म्हणाले. "जल्दी काई न्हाई."